रावेलच्या क्वार्टेटमधली ती एक जागा: महिनाभराच्या ऐकण्याचा क्रम

फ्रेंच संगीतकार मोरीस रावेलचं एफ मेजरमधलं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, पहिल्यांदा ऐकलं की बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: गोड आहे, पण हाती काही लागलं नाही. आपल्याकडच्या मैफिलीला सरावलेल्या कानाला तर जास्तच चुकल्यासारखं होतं. तानपुरा नाही, ठेका नाही, सम नाही, आणि एखादी सुरावट आवडायला लागावी तोच ती निसटून जाते. रचना अवघड आहे म्हणून असं होत नाही. तिच्यात धरायचं काय, हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून हा क्रम एका जागेभोवती बांधला आहे. ‘जागा’ हा शब्द गाण्यातल्याच अर्थाने. पहिल्या भागात एक उदास सुरावट दोनदा येते. दुसऱ्यांदा येते तेव्हा वरचे तिन्ही वादक तेच स्वर, त्याच पट्टीत वाजवतात. फक्त खालचा चेलो, म्हणजे चौघांतलं खर्जाचं वाद्य, थोडा वर सरकतो आणि त्या उदास सुरावटीवर ऊन पडतं. वर काहीच बदललेलं नसतं, बदललेली असते तिच्या पायाखालची जमीन. ही जागा कानाला नीट पटली की उरलेली रचना आपली वाटायला वेळ लागत नाही.

तोंडओळख थोडक्यात. रावेलचा जन्म १८७५ चा, स्पेनच्या सीमेलगतच्या सिबूर गावातला. हे क्वार्टेट त्याने डिसेंबर १९०२ ते एप्रिल १९०३ या काळात लिहिलं, आपले गुरू गाब्रिएल फोरे यांना अर्पण केलं, आणि ५ मार्च १९०४ रोजी ते पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजलं. वादक चार: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. भागही चार, एकूण २८ ते ३० मिनिटं. सध्या एवढं पुरे.

आधी आवाजाची सोय

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची असते आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही देत नाही. वरच्या उपस्वरांवरून कान खालचा स्वर ताडतो खरा, पण त्याचं वजन येत नाही. जी जागा गाठण्यासाठी महिनाभर बसायचं, ती तर चेलोच्याच हातात आहे.

साधे, तारेचे इयरफोन चालतात. मात्र रबरी टोपी कानात घट्ट बसली पाहिजे. ती सैल असेल तर खालचे स्वर बाहेर गळतात आणि चेलो पोकळ वाटतो. तपासायचं असं: इयरफोन लावून ‘हूं’ म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा झाला तर टोपी बरोबर बसली. घुमला नाही तर सोबत आलेली दुसऱ्या मापाची टोपी लावून पाहा. दोन्ही कानांत लावायचे, हेही सांगायला हवं. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये पहिलं व्हायोलिन डावीकडे आणि चेलो उजव्या अंगाला असतो. डाव्या कानात एकच बोंड अडकवून ऐकणाऱ्याच्या वाट्याला अर्धंच क्वार्टेट येतं.

दुसरी अडचण खास आपल्या नागपूरची: कूलर. मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत खिडकीतला कूलर घरघरत असतो, आणि त्याची घरघर नेमकी चेलोच्याच पट्ट्यात असते. आवाज वाढवून हे सुटत नाही. कूलर चेलोला झाकतच राहतो आणि वर व्हायोलिन कानाला टोचायला लागतात. त्यापेक्षा पहाटे साडेपाच-सहाला, अंगण गार असताना, वीस मिनिटं कूलर बंद ठेवा आणि पंखा एक नंबरवर. ज्यांच्याकडे बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन आहेत त्यांना कूलर चालू ठेवूनही ऐकता येईल, कारण असले हेडफोन एकसुरी घरघर चांगली कापतात. मेट्रोत किंवा सीताबर्डीच्या गर्दीतून जाताना फार तर दुसरा आणि चौथा भाग ऐकावा. पहिला आणि तिसरा तिथे वाया जातो.

आता गाणी ऐकायच्या ॲपमधल्या चार गोष्टी. शफल बंद. एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करणारी सोय शून्यावर. सगळ्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय बंद, नाहीतर या संगीतातला हळू आणि मोठा यांतला फरकच पुसला जातो. रचना संपल्यावर आपोआप दुसरं काही वाजवणंही बंद. फुकटच्या खात्यात दोन भागांच्या मध्ये जाहिरात घुसते. शेवटच्या आठवड्यासाठी तरी रचना उतरवून घ्यायची किंवा सीडीवरून ऐकायची सोय पाहा.

आवाज किती ठेवायचा? पहिल्या भागाची सुरुवात शेजारी बसलेल्या माणसाने गुणगुणावं इतपत ऐकू आली की पुरे. मग अर्धा तास बटणाला हात लावायचा नाही.

रेकॉर्डिंग एकच

क्वार्तेत्तो इतालियानो या संचाचं १९६५ चं रेकॉर्डिंग आणि क्वातुओर एबेनचं २००८ चं, ही दोन्ही सहज मिळतात. पहिल्यात ऊब आणि संथपणा जास्त, दुसऱ्यात चपळाई आणि बारीक नक्षी. नवख्या कानासाठी आमचा कौल इतालियानोला, कारण त्यात चारही वाद्यं वेगवेगळी ओळखणं सोपं जातं. कोणतंही घ्या, पण चार आठवडे ते बदलू नका. सुरावट पाठ होते तेव्हा तिचा वेग, तिचे श्वास, थांबे सगळंच पाठ होतं. आज एक आणि उद्या दुसरं ऐकलं तर कान फरक मोजत बसतो आणि रचना बाजूला राहते.

अनेक अल्बममध्ये देब्युसी या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराचं क्वार्टेट आधी आणि रावेलचं नंतर असतं. पहिल्या क्रमांकाचा ट्रॅक लावून आठवडाभर देब्युसी ऐकला, असं सहज होऊ शकतं. रावेलच्या पहिल्या भागाचं नाव ‘आलेग्रो मोदेरातो, त्रे दू’ असं आहे. ‘त्रे दू’ म्हणजे अतिशय हळुवार. लावण्यापूर्वी ते नाव पाहून घ्या.

पहिला आठवडा: फक्त पहिला भाग

हा भाग साधारण आठ मिनिटांचा. रोज दोनदा ऐकायचा, लागोपाठ. पहिले दोन दिवस काहीही शोधू नका. हातात फोन, वर्तमानपत्र, चहा काही नको.

तिसऱ्या दिवशी सुरुवातीची सुरावट गुणगुणून पाहा. ती चढते आणि कमानीसारखी वळून खाली येते. शब्द नाहीत म्हणून ‘ना ना’ किंवा आकारात म्हणा. सुरात नाही आली तरी चालेल, आकार आला पाहिजे. ही सुरावट म्हणजे या रचनेचा मुखडा समजा. फरक इतकाच की हा मुखडा ठरावीक मात्रांनी परत येत नाही. तो कधी दुसऱ्या वाद्यात डोकावतो, कधी अर्धाच येतो, कधी वेगळा पेहराव करून तिसऱ्या भागात भेटतो.

चौथ्या दिवशी वरची सुरावट सोडून द्या आणि खाली कान लावा. सुरुवातीच्या ओळीतच दुसरं व्हायोलिन आणि चेलो एकमेकांना धरून पायऱ्या चढताना ऐकू येतील. दोघंही सरळ, एकेक पायरी वर. व्हायोलिनची कमान या जिन्यावर उभी आहे. दोन-तीन वेळा ऐकूनही जिना सापडला नाही तर इयरफोनची टोपी पुन्हा तपासा. दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच निघतो.

पाचव्या दिवसापासून दुसरी सुरावट. साधारण दोन मिनिटांच्या आसपास, वादकांप्रमाणे पाच-दहा सेकंद पुढेमागे, गर्दी ओसरते, आवाज अगदी लहान होतो आणि एक एकाकी, उदास चाल सुरू होते. ती एकाच वेळी पहिलं व्हायोलिन आणि व्हिओला वाजवतात, पण दोन सप्तकांच्या अंतराने. आजोबा आणि नातू एकच ओवी सोबत गुणगुणत असावेत, तसा तो आवाज आहे. दोघांच्या मधली पोकळी हीच त्या आवाजाची ओळख. नेमकी वेळ वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात ती लागणार आहे.

दुसरा आठवडा: पेटी घेऊन बसा

आता जी गोष्ट कानाला ओळखायची आहे ती आपल्या संगीतात परकी नाही. मूर्च्छना म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना ती अर्धी आलेलीच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी पुढचा प्रयोग करावा. एक पेटी आणि फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप, एवढंच लागतं. पेटी नसेल तर दुसऱ्या फोनवर पियानोचं कोणतंही ॲप चालेल.

तानपुरा पांढरी दोनमध्ये, पंचमाचा लावा. पेटीवर पांढरी दोन, चार, पाच, सहा आणि वरच्या सप्तकातली पांढरी एक, दोन अशा पट्ट्या सावकाश वाजवा, मग उतरा. काळ्या पट्टीला हात लागत नाही. कानाला मिळतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि, सां: म्हणजे धानीचे स्वर. पाच मिनिटं तेच घोळवा, म्हणजे पांढरी दोन कानात सा म्हणून पक्की बसेल.

आता पेटीवरचे हात तिथेच ठेवा आणि तानपुरा पांढरी चारमध्ये न्या. पुन्हा त्याच पट्ट्या वाजवा, पण विसावा पांढरी चारवर घ्या. एकही पट्टी बदललेली नाही, तरी आता भूप ऐकू येतो. मघाची उदासी कुठल्या कुठे जाते.

इथे दोन गोष्टी बिघडतात. जुनी पेटी आणि ॲप यांच्या सुरात थोडा फरक असतो, मग सगळंच बेसूर वाटतं. ॲपमध्ये सूर बारीक वरखाली करायची सोय असते, ती वापरून तानपुरा पेटीला मिळवून घ्या. दुसरं म्हणजे घाई. पहिला सा कानात मुरण्याआधी तानपुरा बदलला तर बदल जाणवतच नाही. बसलेल्यालाच उठवता येतं.

रावेलने नेमके हेच दोन आधार वापरले आहेत. दुसरी सुरावट पहिल्यांदा येते तेव्हा आधार डी मायनरचा, म्हणजे पांढरी दोनचा. भागाच्या शेवटाकडे, साडेसहा ते सात मिनिटांच्या दरम्यान, ती परत येते. वरचे तिघं तेच स्वर वाजवतात, चेलो मात्र पांढरी दोनवरून पांढरी चारच्या आधाराला जातो आणि एफ मेजर उमटतो. रावेलची सुरावट धानीतली नाही, भूपातलीही नाही. राग शोधत बसलात तर चुकामूक होईल. पेटीवरचा प्रयोग फक्त कानाला सवय लावण्यासाठी आहे: वरचं तेच राहून खालचं बदलणं म्हणजे काय, याची.

आता आठवडाभर असं ऐका. वहीतल्या वेळेवर जाऊन पहिली जागा अर्धा मिनिट ऐका. लगेच दुसरी जागा अर्धा मिनिट. असं तीन वेळा. मग सुरुवातीपासून पूर्ण भाग, मध्ये न थांबता. दोन्ही जागांचे तुकडे पाडून ऐकणं हा फक्त सराव आहे, खरं ऐकणं पूर्ण भागाचंच. दुसरी जागा येण्याआधी मधली चार-साडेचार मिनिटं जावी लागतात, त्यांत वादळ येऊन जावं लागतं. त्या प्रवासाशिवाय ती उजळणारी जागा नुसती युक्ती वाटते.

पुष्कळांना ती जागा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदम ‘दिसते’. कुणाला तिसरा आठवडा लागतो. नाही दिसली तर पेटीवर परत जा, रेकॉर्डिंग बदलू नका.

तिसरा आठवडा: दुसरा आणि चौथा भाग

दुसरा भाग सव्वासहा मिनिटांच्या आसपास. सुरुवातीला गज बाजूला ठेवून चौघंही बोटांनी तारा छेडतात. इथला आनंद लयीचा आहे, आणि तबला ऐकलेल्या कानाला तो लवकर कळतो. सहा मात्रा एकाच वेळी दोन प्रकारे मोडल्या आहेत: तीन-तीन आणि दोन-दोन-दोन. दादऱ्याच्या सहा मात्रा मनात धरा. मांडीवर उजवा हात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, डावा हात पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. आधी तोंडाने एक ते सहा मोजत, सेकंदाला दोन मात्रा इतक्या संथ. पहिल्या मात्रेवर दोन्ही हात एकत्र पडतात, मग डावा, उजवा, डावा अशी झुळूक होते. पाच मिनिटांत हात बसला की लय वाढवत न्या आणि मग रेकॉर्डिंग लावा. सुरुवातीच्या छेडकामात ही ओढाताण लगेच कानात येईल. हातांनी आधी केलं नाही तर तेच छेडकाम नुसतं टपटप वाटतं.

मधे लय एकदम मंदावते, चेलो एक हुरहुर लावणारी चाल पुढे आणतो. नंतर छेडकाम परत येतं. मधल्या भागात अनेकांचं लक्ष उडतं, कारण हात अजून मांडीवर ठेका शोधत असतात. तिथे हात थांबवा.

चौथा भाग जेमतेम पाच मिनिटांचा, ‘व्हीफ ए आजिते’, म्हणजे वेगवान आणि अस्वस्थ. तो पाचाच्या लयीत सुटतो आणि मधेमधे तिनाच्या लयीत येतो. झपतालाच्या निम्म्या पाच मात्रा आठवून पाहायला हरकत नाही, पण वेग इतका आहे की पाचही मोजणं जमणार नाही. दर पाचातली फक्त पहिली धरा. लय रुंद होऊन झुलायला लागली की तिनाची चाल आली असं समजा. या भागाबद्दल खुद्द फोरे फारसे खूश नव्हते असं सांगतात. तो आखूड आहे, तुटल्यासारखा वाटतो, हे खरंच. आमच्या मते त्याचं आखूडपणच योग्य आहे: तिसऱ्या भागाच्या दीर्घ रात्रीनंतर दार उघडून बाहेर पडावं तसा तो आहे. पण हे तिसरा भाग ऐकल्यावरच पटेल.

चौथा आठवडा: तिसरा भाग, मग सगळं सलग

तिसरा भाग सगळ्यात लांब आणि सगळ्यात हळू, साडेआठ-नऊ मिनिटांचा. वादक वाद्याच्या घोडीवर एक छोटा चिमटा बसवतात. त्याने तारांचा कंप दबतो आणि आवाज धुक्यातून आल्यासारखा होतो. यासाठी खरी शांतता हवी. उन्हाळ्यात पहाट, हिवाळ्यात रात्री दहानंतर.

इथे व्हिओला ओळखायला शिका. ती व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी आणि पाच स्वर खाली लावलेली असते. व्हायोलिन तार सप्तकात मोकळी वाटते, तर व्हिओलाचा आवाज किंचित घोगरा, गळ्यातून आल्यासारखा. या भागातली चाल आधी व्हिओला मांडते आणि मग पहिलं व्हायोलिन ती म्हणतं. ती हातातून हातात जाण्याची जागा सापडली की दोन्ही वाद्यांचा फरक कायमचा कळतो. आणि मधेच, दुरून, पहिल्या भागातला मुखडा ऐकू येईल. पहिला आठवडा नीट केला असेल तर तो ओळखता येतो. ओळखता येईल तेव्हा चार भागांची ही एकच रचना आहे, हे सांगावं लागणार नाही.

या भागात बेताल वाटेल असं पुष्कळ आहे. वादक लय ताणतात, सोडतात, श्वासाएवढं थांबतात. विलंबित ख्यालातल्या आलापासारखं ऐका. ठेका शोधू नका.

शेवटचे तीन दिवस पूर्ण क्वार्टेट, एका बैठकीत. दोन भागांच्या मध्ये काही सेकंद शांतता असते. तिथे उठू नका, फोन पाहू नका, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात असाल तर टाळ्याही वाजवू नका. आपल्याकडे जागेला दाद लगेच देतात, इथे ती शेवटपर्यंत राखून ठेवायची असते. ज्यांना छापील स्वरलिपी वाचता येते त्यांनी ती आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून घ्यावी, फुकट मिळते. पण सलग ऐकताना ती मिटलेली बरी. डोळे पुढे धावतात.

घरात दोघं-तिघं मिळून ऐकणार असाल तर दोन स्पीकर एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर, कानाच्या उंचीला, भिंतीपासून निदान एक फूट पुढे ठेवा. कोपऱ्यात ठेवले तर चेलो घुमतो आणि त्याचं सरकणं धूसर होतं. नागपूरच्या जुन्या घरांच्या बैठकीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतात, तिथे खाली सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा लावला की आवाज बराच आवरतो.

यानंतर रेकॉर्डिंग बदलायला हरकत नाही. आधी दुसरं एखादं नवं, मग गालिमिर क्वार्टेटचं १९३४ चं, जे खुद्द रावेलच्या देखरेखीखाली झालं. त्यात खरखर आहे, चेलो बारीक आहे. पण व्हायोलिन एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात ते ऐका. मींडेला सरावलेल्या कानाला ते फार जवळचं वाटेल. पुढची रचना घ्यायची तर देब्युसीचं जी मायनरमधलं १८९३ चं क्वार्टेट घ्या. रावेलने ते समोर ठेवलं होतं. त्याच्याही दुसऱ्या भागात बोटांनी छेडलेल्या तारा आहेत. तो भाग आधी लावा आणि हात मांडीवर ठेवून बसा.